दादासाहेब फाळकेंनी आगपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या, पण भारतातलं पहिलं ॲनिमेशन कुणाच्या लक्षात का राहिलं नाही?

गोरेगाव स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि रिक्षावाल्याला फक्त 'फिल्मसिटी' म्हणायचं. पुढचं काही सांगावं लागत नाही.

पण गेटवरच्या पाटीवर पूर्ण नाव आहे. दादासाहेब फाळके चित्रनगरी. १९७७ साली ही चित्रनगरी उभी राहिली आणि २००१ मध्ये तिला दादासाहेबांचं नाव देण्यात आलं.

आता याच चित्रनगरीच्या आजूबाजूचा पट्टा डोळ्यासमोर आणा. अंधेरी, गोरेगाव, मालाड. इथल्या काचेच्या इमारतींमध्ये रोज पोरं-पोरी कम्प्युटरपुढे बसून कार्टूनमधलं माकड पळवत असतात, राक्षस उडवत असतात. एक फ्रेम, मग दुसरी, मग तिसरी. डोळे लाल होईपर्यंत हेच काम.

यातल्या बहुतेकांना वाटतं की आपला धंदा परदेशातून आला. डिस्नेकडून, जपानकडून, नाहीतर केबल टीव्हीवरच्या कार्टून चॅनेलकडून.

गंमत अशी आहे की ज्या माणसाचं नाव त्या पाटीवर आहे, त्याने हेच काम शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. कम्प्युटर नव्हता, टीमही नव्हती. हाताने फिरवायचा एक कॅमेरा आणि आगपेटीतल्या काड्या, एवढंच भांडवल.

सिनेमाचं नाव होतं 'आगकाड्यांची मौज'. साल १९१५.

भारतातला पहिला ॲनिमेशनपट म्हणून अभ्यासक याचं नाव घेतात. पण 'राजा हरिश्चंद्र' शाळेतल्या पोरालाही माहीत असतो आणि 'आगकाड्यांची मौज' म्हटलं की सिनेमावालेसुद्धा डोकं खाजवतात.

असं का झालं? हे समजून घ्यायचं तर आधी दादासाहेबांची गोष्ट जरा वेगळ्या बाजूने बघावी लागते.

चित्रकार, फोटोग्राफर, छापखानेवाला आणि जादूगार

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि फाळके कुटुंब मुंबईत आलं.

घरात पोथ्या-पुराणं होती, पण पोराचा हात चित्रात रमायचा. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले आणि कलाभवनात शिकले. तिथे चित्रकलेबरोबर फोटोग्राफी हाताला लागली.

पुढचा काळ मात्र वाईट होता. फाळके गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवत होते. प्लेग आला आणि त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले.

त्यानंतर या माणसाने किती धंदे केले याची यादी बघितली तर चक्कर येते. रंगीत छपाईचे ब्लॉक बनवायला शिकले. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. ती सोडून लोणावळ्यात छपाईचं काम काढलं. राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम केलं. मग दादरला येऊन 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' उभं केलं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला थेट जर्मनी गाठली.

आणि या सगळ्यात एक उद्योग असा होता जो आपल्या गोष्टीसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

दादासाहेब जादूचे प्रयोग करायचे.

कार्ल हर्ट्झ नावाच्या परदेशी जादूगाराशी त्यांची गाठ पडली आणि त्याच्याकडून त्यांनी हातचलाखी शिकून घेतली. मग स्वतःच प्रयोग सुरू केले. स्टेजवरचं नाव काय, तर प्रोफेसर केळफा. 'फाळके' उलटं वाचून बघा.

आता या सगळ्याची बेरीज करा. चित्रकाराची नजर, फोटोग्राफरचं रसायनशास्त्र, एका चित्रासाठी एकेक रंगाचा ठसा वेगळा काढणाऱ्या छापखानेवाल्याचा धीर आणि लोकांच्या डोळ्यांना नेमकं कुठे फसवायचं हे माहीत असलेला जादूगार. ॲनिमेशन करणाऱ्या माणसाला अजून काय लागतं?

पण त्यासाठी आधी सिनेमा भेटायला हवा होता.

कुंडीतला वाटाणा

एप्रिल १९११. छापखान्यातल्या भागीदारांशी बिनसलं होतं आणि दादासाहेब तिथून बाहेर पडले होते. चाळिशी उलटलेली, हातात काम नाही. अशात ते गिरगावच्या एका तंबू थिएटरात गेले. ईस्टरचे दिवस होते आणि पडद्यावर येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट लागला होता. पडद्यावर ख्रिस्त बघताना त्यांच्या डोक्यात आपले राम आणि कृष्ण हलायला लागले. हा किस्सा तुम्ही ऐकला असेल.

पुढचे काही महिने माणूस झपाटला. मिळेल तो सिनेमा बघायचा, रात्री जागून प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसायचंच बंद झालं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली आणि बरे झाल्याझाल्या गडी पुन्हा त्याच उद्योगाला लागला.

विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. फेब्रुवारी १९१२ मध्ये दादासाहेब लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते बघितलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची सोय केली आणि १ एप्रिलला परत मुंबईत.

सामान आलं, घरच्यांना कामाला लावलं. पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडायला आणि ती डेव्हलप करायला शिकल्या. आता अडचण एकच होती. सिनेमा काढायला पैसे कोण देणार?

सावकाराला सांगून काय सांगणार? चित्रं हलतात म्हणून? तोवर इथल्या माणसाने असा धंदा उभा करून दाखवलाच नव्हता.

तेव्हा दादासाहेबांनी एक कुंडी घेतली. त्यात वाटाणा पेरला आणि कुंडीसमोर कॅमेरा लावून ठेवला.

थोडं चित्रीकरण केलं की कॅमेरा बंद. कॅमेरा आणि कुंडी दोघांनीही जागा सोडायची नाही. मग पुन्हा थोडं चित्रीकरण. असं महिनाभर चाललं. बी रुजलं, कोंब आला, पानं फुटली, वेल वर चढली. महिनाभराची ही वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात संपायची.

बघणाऱ्याला काय दिसायचं, तर कुंडीतून कोंब डोकं वर काढतोय आणि बघता बघता वेल होतोय. जे जगात कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही ते इथे दिसत होतं. या लघुपटाचं नाव 'अंकुराची वाढ'.

ही फिल्म त्यांनी ओळखीतल्या पैसेवाल्यांना दाखवली. त्यांच्यात फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी होते. जे काम शंभर शब्दांनी झालं नसतं ते वाटाण्याने केलं. कर्ज मिळालं. बाकी भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली.

जरा थांबून विचार करा. भारतातला पहिला कथापट ज्या पैशावर उभा राहिला, तो पैसा देव, राजा किंवा नट दाखवून मिळाला नव्हता. कॅमेरा थोडा चालवायचा, थांबायचं, पुन्हा थोडा चालवायचा या पद्धतीवर मिळाला होता. आज याला टाइमलॅप्स म्हणतात आणि मोबाइलमध्ये त्याचं बटण असतं. ॲनिमेशन ही याच पद्धतीची सख्खी बहीण आहे. फरक इतकाच की टाइमलॅप्समध्ये वस्तू आपोआप बदलते आणि ॲनिमेशनमध्ये ती आपल्या हाताने हलवावी लागते.

मग आगकाड्या आल्या

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ३७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला आणि चालला. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केलं होतं, कारण बाई मिळेना.

दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. 'मोहिनी भस्मासुर' आला, 'सत्यवान सावित्री' आला. १९१४ मध्ये आपले सिनेमे घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या लोकांनी कौतुक केलं, काम करायचं आमंत्रणही मिळालं. पण नाशिकमधली माणसं सोडून राहणं त्यांना पटलं नाही.

आणि परत येतात न येतात तोच पहिलं महायुद्ध पेटलं.

पैसे लावणाऱ्यांनी हात आखडते घेतले. मोठा सिनेमा काढायचा तर नट, कपडे, सेट आणि रोजची पन्नास-साठ पानं जेवायला. हे सगळं आणायचं कुठून? अशा तंगीच्या काळात दादासाहेब छोट्या फिल्म करत होते. त्यातलीच एक १९१५ ची 'आगकाड्यांची मौज'.

कल्पना एका वाक्यात सांगता येते. आगपेटीतल्या काड्या जिवंत झाल्यासारख्या हलतात.

जगात हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच काड्यांची अशी फिल्म केली होती. पण भारतात हे करणारं दुसरं कोणी नव्हतं. दादासाहेबांनी नाण्यांच्या करामतीचा 'लक्ष्मीचा गालिचा' केला, निर्जीव वस्तूंना हलवणारं 'विचित्र शिल्प' केलं. म्हणजे हा एखाद्या दिवशी केलेला टाइमपास नव्हता. गडी या वाटेवर काही पावलं चालला होता.

आता हे काम किती किचकट आहे ते बघू.

मूकपटाच्या काळात एका सेकंदाला साधारण १६ चित्रं लागायची. एक मिनिट म्हणजे ९६० चित्रं. काडी केसभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र घ्यायचं. परत काडी केसभर सरकवायची. कुणी शिंकलं आणि काड्या उडाल्या तर खेळ खलास, कारण त्या आधीच्या जागेवर नेमक्या कशा होत्या हे बघायला स्क्रीन नव्हता. फिल्म धुतल्याशिवाय काय आलंय ते कळायचं नाही. चुकलं असेल तर पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं करून पदरात काय पडणार? मिनिटा-दोन मिनिटांची गंमत.

मग ते चाललं का नाही?

याचं उत्तर एका कारणात मिळत नाही. पण कारणं एकापुढे एक मांडली की चित्र साफ होतं.

पहिलं कारण तिकिटाचं. त्या काळी थिएटरात नुसता सिनेमा नसायचा, पूर्ण कार्यक्रम असायचा. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'च्या जाहिरातीत सिनेमाबरोबर एका परदेशी नर्तिकेचा नाच, विनोदी स्केच आणि पायांनी करामती करणाऱ्या कलाकाराचा खेळ होता. छोट्या फिल्मची जागा या ताटातल्या लोणच्याची. लोणचं आवडतं सगळ्यांना, पण लोणच्यासाठी थाळीचे पैसे कोणी देत नाही. 'आगकाड्यांची मौज' बघायला म्हणून वेगळं तिकीट काढणारा प्रेक्षक नव्हता, त्यामुळे ती करायला म्हणून वेगळे पैसे देणारा सावकारही नव्हता.

दुसरं कारण कोऱ्या फिल्मचं. ती परदेशातून यायची. युद्धात बोटींची वाहतूक विस्कळीत झालेली. अशा वेळी हाताशी असलेल्या फिल्मच्या प्रत्येक फुटातून जास्तीत जास्त कमाई करणं भाग होतं. काड्यांवर फिल्म घालवायची की रामावर, हा प्रश्न कुठल्याही निर्मात्याला विचारा, उत्तर एकच येईल.

तिसरं कारण सगळ्यात मजेशीर आहे. ॲनिमेशनची जागा दादासाहेबांच्याच दुसऱ्या सिनेमांनी खाल्ली.

१९१७ मध्ये 'लंका दहन' आला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. मारुती आकाशातून उडाला, लंका पेटली. पडद्यावर राम आला की लोक चपला काढून हात जोडायचे असं सांगतात. १९१८ मध्ये 'श्रीकृष्ण जन्म' आला. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि कालियाच्या फण्यावर नाचली.

हे चमत्कार कशाने व्हायचे? कॅमेरा थांबवून, वस्तू किंवा माणूस बदलून, एका चित्रावर दुसरं चित्र घेऊन. म्हणजे काड्या नाचवणाऱ्या विद्येच्याच घरातली ही विद्या. फक्त आता ती देवाच्या गोष्टीत शिरली होती. काडी उभी राहून नाचली तर प्रेक्षक हसतो आणि विसरतो. मारुती उडाला तर तो घरी जाऊन चार जणांना सांगतो आणि दुसऱ्या दिवशी त्या चार जणांना घेऊन येतो. लोकांना चमत्कार हवा होता, पण तो त्यांच्या ओळखीच्या माणसाने केलेला हवा होता. काडीची आणि प्रेक्षकाची ओळखच नव्हती.

म्हणजे असं बघा, ॲनिमेशन हरलं असं म्हणण्यापेक्षा ते पौराणिक सिनेमाच्या पोटात गेलं.

चौथं कारण माणसांचं. ही विद्या पुढे न्यायला कोणी लागतं. दादासाहेबांचा स्टुडिओ म्हणजे घरच होतं. बायको फिल्म धुतेय, मुलं कामं करतायत, नट मंडळी तिथेच जेवतायत. आपलं काम कसं चालतं हे लोकांना कळावं म्हणून त्यांनी १९१७ मध्ये 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची फिल्मही काढली. पण काड्या हलवणारा वेगळा विभाग, त्याचे शिकाऊ उमेदवार, असं काही उभं राहिलं नाही.

आणि ते उभं करायला उसंतही मिळाली नाही. १ जानेवारी १९१८ ला पाच भागीदारांबरोबर 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' सुरू झाली. भागीदारांना हिशेब हवा होता, दादासाहेबांना हवा तसा सिनेमा हवा होता. खटके उडाले. वैतागून ते सगळं सोडून काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. १९२२ मध्ये पुन्हा कंपनीत परतले, पण आता ते मालकापेक्षा नोकरदार जास्त होते. जिथे दोन वर्षं टिकून राहायची मारामार, तिथे केसभर काडी सरकवणारी शाळा कोण काढणार?

पाचवं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात वाईट. फिल्म टिकली नाही.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. पटकन पेट घेणारी, नीट ठेवली नाही तर आपोआप कुजून भुकटी होणारी. दादासाहेबांच्या नावावर साधारण ९५ चित्रपट आणि २७ लघुपट मोजले जातात. त्यातलं फार थोडं आज शिल्लक आहे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून वगैरे शोधून काही रिळं वाचवली. त्यात 'राजा हरिश्चंद्र'चे भाग आहेत, 'कालिया मर्दन'चे आहेत. 'आगकाड्यांची मौज' मात्र आज बघायला मिळत नाही.

जे बघायलाच मिळत नाही ते आठवणीत कसं राहणार?

वाटाणा परत आला

दादासाहेबांनंतर या वाटेवर बराच काळ सामसूम होती. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलायला लागला. दादासाहेबांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून बनला आणि नंतर त्याला मागून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापुरात त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला. तोच शेवटचा.

मधल्या काळात ॲनिमेशन पुन्हा उगवलं, पण दुसऱ्यांच्या हातून. १९३४ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने एक कार्टूनपट काढला. नाव काय असेल? 'द पी ब्रदर्स'. म्हणजे वाटाणे बंधू! बावीस वर्षांनी वाटाणाच परत आला. हा निव्वळ योगायोग. त्याच वर्षी पुण्यात प्रभातने 'जंबूकाका' काढला. गंमत म्हणजे अनेक याद्यांमध्ये भारतीय ॲनिमेशनचा इतिहास या १९३४ पासूनच सुरू होतो, म्हणजे फाळके त्यात येतच नाहीत.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब नाशिकमध्ये गेले. शेवटची वर्षं हलाखीत आणि बाजूला पडल्यासारखी गेली. जो सिनेमाधंदा त्यांनी सुरू केला तो तोवर लाखोंच्या गोष्टी करत होता आणि मुंबईच्या उपनगरांकडे सरकत होता.

मग पुढे एक कार्टून चाललं कसं?

आता इथे एक तुलना करण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग काढला. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स इथल्या मुलांना शिकवायला आले. १९५७ मध्ये जातककथेवरचा 'द बनियन डिअर' तयार झाला. जे दादासाहेबांना जमलं नव्हतं ते इथे घडलं, म्हणजे शिकवणारा आला, शिकणारे आले आणि महिन्याचा पगार सुरू झाला. पुढे भारतीय ॲनिमेशनमधलं मोठं नाव झालेले राम मोहन याच विभागातून घडले.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आणि १९७४ मध्ये आली एक छोटी फिल्म, 'एक अनेक और एकता'. दिग्दर्शक भीमसेन, कल्पनेमागे मुंबईच्या विजया मुळे. पाखरं जाळ्यासकट उडून जातात ती.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली कुठेही जा. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या कुणाला विचारा, त्यांना ही फिल्म आठवते.

आता बघा, लांबीने तीही छोटीच. स्टार नाही, देव नाही, तिकीट नाही. मग ती का चालली?

कारण पैसे सरकारने दिले होते, त्यामुळे तिने कमाई करून दाखवायची नव्हती. कारण चॅनेल एकच होतं आणि ते ही फिल्म पुन्हा पुन्हा दाखवायचं. कारण तिची प्रत जपून ठेवलेली होती. आणि कारण ती बनवणारे लोक या कामाचं शिक्षण घेतलेले होते.

दादासाहेबांच्या काड्यांकडे यातलं एकही नव्हतं. पैसा नाही, दुसऱ्यांदा दाखवणारा नाही, जपणारा नाही, शिष्य नाही. कल्पना दोन्हीकडे होती, कष्ट दोन्हीकडे होते.

आपल्याला वाटतं की चांगली गोष्ट असेल तर ती आपोआप चालते आणि जी चालली नाही तिच्यात काहीतरी कमी असणार. 'आगकाड्यांची मौज' चांगली होती की वाईट हे आता कुणीच ठरवू शकत नाही. पण ती का राहिली नाही याची जी कारणं दिसतात ती सगळी पडद्याच्या बाहेरची आहेत.

पाटीवरचं नाव

१९६९ मध्ये सरकारने दादासाहेबांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. पहिला मान देविका राणी यांना मिळाला. २००९ मध्ये परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आला आणि नव्या पिढीला दादासाहेब पुन्हा भेटले. पुतळे झाले, रस्त्यांना नाव दिलं गेलं, दादरमध्येही आणि इतर गावांतही.

ही सगळी आठवण एका सिनेमाची आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, 'राजा हरिश्चंद्र'वाले. ते बरोबरच आहे, पण अर्धं आहे.

राहिलेल्या अर्ध्यात महिनाभर कुंडीसमोर कॅमेरा लावून बसलेला एक बेचाळीस वर्षांचा माणूस आहे, ज्याला वाटाण्याच्या कोंबावर कर्ज काढायचं होतं. आणि तीन वर्षांनी, महायुद्धात पैसे संपलेले असताना, आगपेटी उघडून काड्या केसभर सरकवणारा तोच माणूस आहे.

अंधेरी-गोरेगावच्या एखाद्या स्टुडिओत आज रात्री कोणीतरी डेडलाइनसाठी जागत असेल. तीच हालचाल चौथ्यांदा दुरुस्त करत असेल, क्लायंटला शिव्या घालत असेल आणि आपलं हे काम कुणाच्या लक्षात राहणार आहे असा विचारही करत असेल.

त्याला सांगा, या धंद्यातला पहिला माणूस पण याच त्रासातून गेला होता. आणि त्याच्याकडे तर चुकलेली हालचाल मागे घ्यायला अनडूचं बटणही नव्हतं.